दोन नंबरचा रिमोट आणि तीन ठोके

मित्रांनो, माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशने '२' असा आकडा काढलेला आहे. तो काढला नसता तर माझं नशीब वेगळं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

मी एक फुटका, वायर तुटलेला रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे हं, व्हिडिओ गेमचा. महाडच्या बाजारपेठेत काशीरामशेठच्या दुकानात बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात मी पडून असतो. सोबतीला चार स्क्रू आणि एक मेलेला सेल. झाकण इतकं घट्ट बसतं, की बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. माझ्या आयुष्यात जे काही भलं झालं ते ऐकण्यामुळेच झालं, म्हणून मी तक्रार करत नाही. थोडीशी करतो.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईच्या बाजारात आलो आणि काशीरामशेठने मला, माझ्या जुळ्या भावाला आणि आम्हाला जोडायच्या गेमच्या काळ्या डब्याला एसटीत मांडीवर घेऊन महाडला आणलं. तेव्हा आम्ही दोघं भाऊ इतके सारखे होतो, की आमचं आम्हालाच ओळखता येत नव्हतं. मग शेठच्या मुलीने नेलपॉलिशची बाटली आणली. एका भावावर एक आला, माझ्यावर दोन. त्या दिवसापासून दुकानाचा कायदा ठरला: नवा आला की दोन नंबर.

भाऊ वाकबगार हातात राहिला आणि मी शिकाऊ हातांत. घामेजलेले हात, वडापावचे हात, घाबरलेले हात. मी किती सोसलं म्हणून सांगू! नवा माणूस सगळी बटणं एकदम दाबतो. राक्षस समोर आला की त्याला वाटतं, जितकी दाबू तितका तो लवकर मरेल.

हो, राक्षस. आमच्या दुकानात सगळ्यांत लाडका खेळ शिकारीचा होता. त्याचं खरं नाव सीडीवर परक्या लिपीत लिहिलेलं, ते कोणाला वाचता येत नसे. पोरं त्याला नुसतं 'शिकार' म्हणत. दोन शिकारी, अंगभर खवले असलेला एक अवाढव्य राक्षस, पोरांच्या भाषेत खवल्या, आणि एक डोंगर. दोघांनी मिळूनच मारायचा, एकट्याच्या बापाला जमायचा नाही. आणि दोघांत मिळून तीनदा पडलात की शिकार संपली. मग कोण पडलं याला अर्थ नाही, हरलात ते दोघं हरलात.

या खेळातले दोन पंडित म्हणजे आमोद आणि किरण. आमोद हा हायस्कुलच्या शरद सरांचा, म्हणजे खुद्द मुख्याध्यापकांचा मुलगा. बारावीला गणितात गचकला होता आणि ऑक्टोबरला परत बसायचा होता. घरून तो अभ्यासिकेत जातो म्हणून निघे आणि आमच्याकडे येई. किरण त्याचा जिवलग. खेळण्यापेक्षा सल्ला देण्यात त्याला जास्त रस. तो बोलायला लागला की शेठसुद्धा रेडिओ बंद करत.

शरद सर अधूनमधून स्कूटरवरून पेठेत फेरी मारत. मुलगा कुठे दिसतो का, हे बघायला. म्हणून दुकानाचं शटर नेहमी अर्धं ओढलेलं असे. स्कूटरचा आवाज आला की आमोद ते पूर्ण खाली ओढी, सगळे श्वास रोखून बसत आणि स्कूटर लांब गेली की शटर पुन्हा वर. ही युक्ती आमोदची. तिचा त्याला फार अभिमान होता.

तो दिवस आषाढातला. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळीच शेठ म्हणाले, "मी सव गावाला जाऊन आईला वरच्या घरात हलवून येतो. पाणी पेठेत शिरलं तर शटर ओढा आणि सरळ घरी पळा. माल राहू दे." महाडकरांना पुराचं नवल नाही. सावित्री दरवर्षी उंबऱ्याशी येऊन जाते, त्यामुळे दोघांनी माना डोलावल्या आणि खेळ लावला.

दुपारी शटरखालून एक माणूस वाकून आत आला. डोक्यावर घोंगडं, हातात पिशवी, वय पंचेचाळीस-पन्नास. तो येसाजी, पोलादपूरच्या वरच्या कुडपणचा. म्हशीचं औषध न्यायला आला होता आणि वर जाणाऱ्या सगळ्या गाड्या बंद झाल्याने महाडात अडकला होता.

"पोरांनो, जरा टेकू का रे? एसटी काय आज सुटत नाय."

"बसा ना मामा," किरण म्हणाला. "बसलाच आहात तर खेळा. आमोद, दोन नंबर दे मामांना."

मी त्या हातात गेलो. दगडासारखा हात, पण मला उचललं ते कोंबडीचं पिल्लू उचलावं तसं. असं मला कोणी धरलं नव्हतं.

किरणने लगेच सल्ल्यांची पोथी उघडली. "हे बघा मामा. पहिली गोष्ट, सगळी बटणं एकदम दाबायची नाहीत. दुसरी, औषध पिताना उभं राहावं लागतं, तेव्हा खवल्या लांब असतानाच प्यायचं. तिसरी, जोडीदाराच्या मागे मागे फिरायचं नाही, तो एका बाजूला तर आपण दुसऱ्या. आणि हे वरचं बटण म्हणजे शिंग. अडकलात की शिंग फुंकायचं, आमोद येतो."

येसाजीने मान हलवली आणि काहीच दाबलं नाही. पडद्यावर खवल्या फुत्कारत होता आणि माझा शिकारी खांबासारखा उभा.

"मामा, मारा की!" आमोद ओरडला.

"थांब रे. पाय कसा टाकतोय ते बघू दे." येसाजीने डोळे बारीक केले. "वळायच्या आधी डावा पाय आखडतोय बघ. आमचा रेडा असाच करायचा. तोंडाकडं कशाला बघतोस? तोंड फसवतं. पाय फसवत नाय."

आमोदने खेळ थांबवून त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं तो खवल्याच्या जबड्याकडे बघत खेळत होता! पुढची दहा मिनिटं काय बहार आली म्हणून सांगू. येसाजी एकच बटण दाबे, पण वेळेवर. खवल्या लंगडायला लागला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दोन नंबर जिंकणार होता.

आणि दिवे गेले.

"हात्तिच्या!" किरण म्हणाला. अंधारात तिघं शिकारीचीच चर्चा करत बसले. सापळा आधी लावायला हवा होता की नंतर, यावर वाद जुंपला. त्या नादात शटरखालून घोटाभर पाणी आत आलेलं कोणाला कळलं नाही. येसाजीच्या पायाला ते लागलं, तो उठला, आणि तेवढ्यात बाहेर स्कूटर खोकली.

"बाबा!" आमोदने झेप घेतली आणि शटर तळापर्यंत ओढलं. "चूप!"

बाहेरून शटरवर दोन थापा बसल्या. कोणीतरी काहीतरी ओरडलं, पण पावसात शब्द कळले नाहीत. तिघं मुके झाले. येसाजी काही बोलणार होता, तर किरणने हात जोडले. मग डावीकडे खट्, उजवीकडे खट्. स्कूटर निघून गेली.

ती सरांची स्कूटर नव्हती, मित्रांनो. ती काशीरामशेठची होती. दोन्ही स्कूटरी एकाच वयाच्या, एकाच दम्याच्या. शेठनी शटर पूर्ण बंद पाहिलं आणि पोरं शहाण्यासारखी घरी गेली असं समजून दोन्ही बाजूंना कुलपं ठोकली.

आमोदने शटर उचलायला हात घातला तेव्हा ते तसूभर हललं नाही. पोटमाळ्यावरून येणाऱ्या अंधुक उजेडात मला त्याचा चेहरा दिसला. मी हे आयुष्यात विसरणार नाही. आपणच लावलेल्या सापळ्यात आपणच अडकल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पाणी गुडघ्याला आलं. तिघांनी शटर बडवलं, घसे फोडून ओरडले. पण पेठ रिकामी झाली होती, आणि वाहत आलेले डबे-पिंपं प्रत्येक दुकानाच्या शटरवर आपटत होती. त्यात या शटरचा आवाज कोण वेगळा काढणार? पाणी कमरेला लागलं तेव्हा येसाजीने दोघांना बखोटीला धरून पोटमाळ्यावर चढवलं. आम्हा दोघा भावांना गेमच्या डब्यापासून उपटून त्याने खांद्यावर टाकलं होतं.

माळ्याच्या मागच्या भिंतीला एक झरोका होता, लोखंडी गजांचा. गजांतून हात जाई, डोकं जात नसे. खाली मागच्या आळीतल्या गोठ्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, दोन हात अंतरावर. त्याच्यावर पाऊस असा कोसळत होता, की किरणची आरोळी त्याच्या ओठांतच विरून जाई.

"आज कोयता कमरेला पायजे होता," येसाजी पुटपुटला. "शहरात जातोय म्हणून घरी ठेवला."

मग आमोदची नजर माझ्यावर पडली. भावाची वायर उंदरांनी कुरतडून आखूड केलेली. माझी लांब होती. त्याने मला गजांतून बाहेर सोडलं आणि पत्र्यावर आपटायला सुरुवात केली. धाड धाड धाड धाड! थांबणं नाही, श्वास नाही. माझा एक कोपरा उडाला, एक बटण पुरात गेलं. दोन वर्षं किरणच्या जोडीने नव्यांना 'सगळी बटणं एकदम दाबू नका' सांगणारा हाच आमोद! मला राग आला नाही. तो चढणाऱ्या पाण्याकडे पुन्हा पुन्हा वळून बघत होता.

येसाजीने त्याचं मनगट धरलं.

"आरं, वाऱ्यानं पत्रा वाजतो तसा वाजवतोयस. मानूस वाजवतोय हे कळाय नको का कुणाला?"

"मग काय करू? पाणी बघा ना!"

"आमच्याकडं डोंगरात धुकं पडलं, गुराखी चुकला, की तीन ठोके मारायचे. दगडावर दगड, कायबी. तीन. आनि मग गप. पार गप. ऐकायचं. कोन हाक देतोय का. परत तीन, परत गप. तू तर ऐकतच नायस."

"ऐकत बसायला वेळ आहे का मामा!"

"तेवढाच हाय."

मला येसाजीने हातात घेतलं. ठक. ठक. ठक. मग त्याने मला उचलून धरलं. किरणने तोंडावर हात दाबला. पाऊस, पाणी, दूर कुठेतरी म्हशीचं हंबरणं. दुसरं काही नाही. ठक. ठक. ठक. गप्प. माळ्याच्या फळीला खालून पाणी चाटू लागलं होतं. ते गप्प बसणं ठोक्यांपेक्षा जड होतं. पाचव्या खेपेला माझ्या पाठीला तडा गेला.

आणि त्या शांततेत आवाज आला. लांबून, बसलेला, चिरका आवाज.

"आमोद! ए आमोद!"

तो शरद सरांचा आवाज होता. ज्या माणसाला चुकवायला शटर ओढलं, तोच जरा चढावर असलेल्या मागच्या आळीत छातीभर पाण्यातून हाका मारत फिरत होता. नंतर कळलं, ते अर्धा तास तिथे ओरडत होते. 'पोरं घरी गेली' असं शेठनी सांगितलं, पण पोर घरी नव्हतं. आमचा आमोद धाडधाड करत होता तेव्हाही ते त्या गोठ्यापलीकडेच होते. त्यांना वाटलं पत्रा वाजतोय. आणि आमोदला त्यांची हाक ऐकूच आली नव्हती.

"बाबा!" आमोदने गजांना तोंड लावून हाक मारली. "बाबा, मी इथे आहे!" दोन वर्षांत त्याने आपण कुठे आहोत हे पहिल्यांदा खरं सांगितलं.

सरांनी आळीतली चार माणसं गोळा केली, ती छपरावर चढली आणि त्यांनी पहारीने गज उपटले. आधी किरण निघाला, मग आमोद, शेवटी औषधाची पिशवी दातांत धरून येसाजी. गजात अडकलेली माझी वायर तेव्हाच तुटली. आमोदने जाता जाता मला खिशात कोंबलं; भाऊ माळ्यावरच राहिला. मी मेलो असं म्हणा हवं तर, पण तसा मी पाण्याबाहेर आलो.

सर ओरडतील म्हणून आमोद मान खाली घालून उभा होता. सर ओरडले नाहीत. ओल्या उपरण्याने त्यांनी त्याचं डोकं पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. मग येसाजीकडे वळून हात जोडले.

"अहो, तुमचे तीन ठोके नसते तर..."

"माजं काय नाय गुरुजी," येसाजी म्हणाला. "तुमी हाक मारायचं सोडलं नाय, म्हणून ऐकू आलं."

घाट सुरू झाल्यावर तो कुडपणला गेला. नंतर निरोप आला, म्हैस बरी आहे आणि खवल्या मेला का ते कळवा.

शेठनी गाळ काढून दुकान पुन्हा उभं केलं. गेमचा नवा डबा आला, नवे रिमोट आले. मला टाकून देववेना म्हणून शेठनी या डब्यात ठेवलं. झाकण लावताना ते रडले, कुलपं त्यांनी लावली होती ना. आता त्या शटरला आतून ओढायची कडीच नाही. आतून ते अर्ध्याच्या खाली येत नाही. आमोद ऑक्टोबरला गणितात सुटला, अगदी काठावर.

मित्रांनो, एक मोडकी वस्तू तुमच्याकडे दुसरं काय मागणार? तुमच्या हातातल्या वस्तू जपा, ते तर आहेच. पण घाबरलात की हात थोडा आवरा. मध्येच गप्प व्हा. ज्याला तुम्ही चुकवताय, तोच कदाचित पलीकडे घसा बसेपर्यंत तुमचं नाव घेत असेल.

मला इथे अंधारात दिवसाचा अंदाज येत नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ ओळखू येते. बाहेर एक म्हातारी स्कूटर खोकते आणि थांबते. शटर अर्धं उघडंच असतं, तरी त्यावर बोटाने तीन ठोके पडतात. ठक. ठक. ठक. मग कोणी काही बोलत नाही. बाहेरचा माणूस वाट बघतो.

"या ना बाबा," आतून आमोद म्हणतो. "दोन नंबर तुमचा. आणि सगळी बटणं एकदम दाबू नका हं."