उतरत्या चंद्राचं पडवळ

द्रौपदी गेल्यावर बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत सहदेव परब आणि स्वयंपाकघराच्या जाळीतल्या कुंड्या एवढेच उरले. आणि डब्यातल्या पडवळाच्या चार बिया. द्रौपदीने मालवणहून, माहेरून आणलेल्या वाणाच्या त्या शेवटच्या. त्या फुकट गेल्या की तिच्या हातचं घरात काहीच राहणार नव्हतं.

जन्मभर दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. ती म्हणायची, "चढत्या चंद्राक लावलेली बी वर येता, उतरत्याक लावलेली मातयेतच कुसता." हा चिडवायचा, "बियेक काय चंद्र दिसता?" ती भांडी आपटायची आणि पेरायची मात्र आपल्याच वेळेला. पडवळ झकास यायचं, मग सहदेवाचं तोंड आपोआप बंद.

आता बोलायला पूर्ण मोकळीक होती, पण म्हाताऱ्याने ठरवलं, यंदा तिच्याच पद्धतीने लावायचं. अडचण एवढीच, की चंद्राकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते खातं तिचं. थंडी सरता सरता एका सकाळी तो दूध आणायला निघाला, तर समोरच्या टॉवरच्या डोक्यावर अर्धा चंद्र. अर्धा म्हणजे पुरा व्हायच्या वाटेवर, असं स्वारीने गृहीत धरलं आणि परत येऊन चारही बिया पेरून टाकल्या.

संध्याकाळी शेजारची अनुपमा वाटी परत करायला आली. कुंडी बघून म्हणाली, "काका, सकाळी दिसतो तो उतरता ना! अमावस्या येतेय आता."

सहदेवाने मातीत बोट घातलं आणि तसंच परत काढलं. उकरून काढाव्यात तर बिया दुखावणार, ठेवाव्यात तर कुजणार. द्रौपदीने घर डोक्यावर घेतलं असतं. पण कोणीच ओरडलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. रोज पाणी घालताना तो मनातल्या मनात तिची माफी मागायचा.

मग एकदा चहा ठेवताना त्याने सहज जाळीकडे पाहिलं. कुंडीत मान वाकवून एक हिरवा कोंब उभा होता. शेजारी दुसरा माती उचलत होता.

आनंदाच्या भरात सहदेव आतल्या खोलीकडे वळून ओरडला, "द्रौपदे, बघ गो! उतरत्याक लावलेली पण वर इली!"

चहा उतू गेला. जन्मभराचं भांडण जिंकून तो ओट्याला टेकून उभा राहिला, आणि "कित्याक एवढे नाचतास?" म्हणायला घरात कोणी नव्हतं.