आकडा कमीच राहिला

“पण आकडा कमी आहे ना?” शिंपीमास्तरांच्या बायकोनं पुन्हा विचारलं.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्या लेकीएवढ्या. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “कमी आहे, काकू. तोच तर घोळ आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर परतला, की रक्तातला हा पीएसए बहुधा वाढतो. पण किरणं दिल्यानंतर क्वचित एखाद्याच्या गाठीची जातच बदलते. ही नवी जात पीएसए जवळजवळ बनवतच नाही. काकांना लघवीला त्रास व्हायला लागला, वजन उतरलं, म्हणून आपण तुकडा काढून तपासला. तेव्हा कळलं.”

“म्हणजे जुना भाडेकरू गेला,” मास्तर म्हणाले, “आणि नवा घुसलाय तो दारावर पाटीच लावत नाही.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, आणि लगेच विरलं. “सलाइनमधून औषधं देऊ. पण हा फार वेगानं पसरतो, काका. बरा होईल असं नाही म्हणू शकत मी.”

दोघं घरी आले. शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तरांनी शटर वर केलं. बायको चपला न काढताच स्टुलावर टेकली.

“किरणं संपल्यापासून रात्रीचं जेवण सोडलं मी,” ती म्हणाली. “रोज देवाला एकच मागणं. आकडा कमी राहू दे.”

“राहिला की.”

“तेच म्हणतेय. त्यानं दिलं हो, अगदी मागितलं तस्सं. मी आपली आकडाच मागत बसले. तुम्हाला मागायचं सुचलंच नाही मला.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, पुन्हा गळ्यात घातली. “अगं, देवाला काय एवढं कळत नाही? आपलं गिऱ्हाईक नाही का, बाही म्हणतं आणि कॉलर दाखवतं. आपण घेतोच ना समजून?”

“मग त्यानं का नाही घेतलं?”

 मास्तर कुणाची तरी अर्धवट शिवलेली पँट घेऊन मशीनवर बसले.

दिवेलागणीला ती नेहमीसारखी आत देवापुढे उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले. शब्द येईनात. आता काय मागायचं, आणि कसं, म्हणजे चुकणार नाही?

बाहेर मशीन चालत होतं. मध्येच थांबलं. तिनं डोळे उघडले. मग पुन्हा सुरू झालं, जरा सावकाश.

हात तसेच जोडून ती तेवढंच ऐकत राहिली.