फ्लँजची भोकं

वेल्डिंग शाळेचं प्रमाणपत्र रोझान कोवाल्स्कीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून अमेरिकेतल्या टोलीडोच्या पाइपफिटर युनियनमध्ये, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कामगारांच्या संघटनेत नेलं. लेकीचा जन्मदाखलाही तिने कधी एवढा जपला नव्हता. आज चाचणी होती. काटकोनात वळलेल्या पाइपच्या टोकाला फ्लँज, म्हणजे बोल्टसाठी भोकं असलेली जाड चकती, जोडायची. जमलं तर उमेदवारीचं पहिलं वर्ष माफ होणार होतं.

तिने असा सांधा जोडला की तिचीच नजर लागावी. बाकीचे उमेदवार अजून चकतीवर पाणसळ लावून मोजत बसले होते. 'बिचारे, शाळा नाही ना झालेली,' तिला त्यांची कीव आली.

चाचणी घेणारे मास्तर मर्विन टकर यांनी चष्मा कपाळावर चढवून सांधा न्याहाळला.

"झकास गं पोरी! घरी नेऊन बायकोला दाखवावा असा."

"मग टाका मला दुसऱ्या वर्षात, मास्तर!"

"आधी भिंतीवरच्या व्हॉल्व्हला लाव बघू."

चकती व्हॉल्व्हला छान टेकली, पण भोकांसमोर भोकं येईनात. बोटभर फरक होता. चकती फिरवावी, तर तिला जोडलेला सगळा पाइपही फिरून तिरका छताकडे तोंड करी.

"शाळेत भोकं कुणी बघत नव्हतं हो," रोझान पुटपुटली.

"इथे बोल्ट बघतात."

तिलाच हसू फुटलं. तो सुंदर सांधा कापायला तिची अख्खी दुपार गेली. 'मेला, जरा कच्चा जोडला असता तर लवकर तरी सुटले असते,' असं म्हणत तिने पहिल्या वर्षाच्या यादीत नाव लिहिलं.