रिकाम्या कक्षांचं आरक्षण

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा आरोही इंगळे थर्माकोलचे दोन डबे छातीशी धरून सुलतानपूरच्या फाट्यावर एसटीतून उतरली. डब्यांत जिवंत अळ्या होत्या. एकात सोनाळ्याच्या शिवारातल्या, दुसऱ्यात वरवट बकालच्या. शेगाव, खामगाव, मेहकर असं गाड्या बदलत ती आली होती आणि प्रत्येक कंडक्टरला डब्यात मिठाई नाही हे तिला सांगावं लागलं होतं.

ते २०१७ साल होतं. ज्या बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही म्हणून सगळा जिल्हा निर्धास्त होता, त्याच कपाशीची बोंडं त्या वर्षी आतून किडकी निघू लागली. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी. आरोही एका लहान कृषी महाविद्यालयात संशोधन सहायक होती. या अळ्या बीटीचं विष पचवू लागल्यात का, एवढंच तिला तपासायचं होतं. त्यासाठी अळ्यांचे पतंग होऊ द्यायचे, त्यांची अंडी घ्यायची आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना विष मिसळलेलं खाद्य द्यायचं. पण तापमान आणि ओलावा नेमका राखणारी बंद खोली असल्याशिवाय पतंग नीट अंडी घालत नाहीत. तिच्या कॉलेजात पंखासुद्धा धड चालत नव्हता.

तशा खोल्या सुलतानपूरच्या राष्ट्रीय कीटक परीक्षण सुविधेत होत्या. देशभरच्या शास्त्रज्ञांनी यावं, इथली यंत्रं वापरावी आणि काम करून परत जावं यासाठीच केंद्र सरकारनं ती बांधली होती. आसपासचे लोक तिला अळ्यांची फॅक्टरी म्हणत.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आरोहीला अडवलं आणि हीना मॅडमला फोन लावला.

हीना शेख तिथली वापरकर्ता समन्वयक होती. बाहेरून येणाऱ्यांना काय हवं ते बघायचं, हे तिचं काम. येऊन तिला अजून वर्षही झालं नव्हतं. आधी ती एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. तिचे अब्बा नजीरभाई यांची वरवट बकालला छोटी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी होती, त्यामुळे किडकी बोंडं तिनं घरी पाहिलीच होती.

"अर्ज केला होता?" तिनं विचारलं.

"केला होता मॅडम. तुमच्या दिल्लीच्या समितीनं जानेवारीच्या बैठकीत घेऊ म्हणून कळवलं," आरोही म्हणाली. "मी त्याइले सांगितलं, अळ्या जानेवारीपर्यंत थांबत नाहीत. त्याइचं उत्तरच नाही."

हीनानं तिला आत नेलं. लांब मार्गिकेत काचेच्या दारांचे कक्ष होते. दिवे चालू, यंत्रं चालू, तापमान अगदी हवं तसं. आणि एक सोडला तर सगळे कक्ष रिकामे. दारांवर 'आरक्षित' अशा पाट्या.

"हे सगळे बुक आहेत?" आरोहीनं काचेला नाक लावून विचारलं.

"हो."

"मग लोक कुठंत?"

या प्रश्नाचं उत्तर हीना आल्यापासून शोधत होती. समिती वर्षातून दोनदा बसायची आणि कक्ष वाटून द्यायची. ज्या संस्थेला कक्ष मिळाला, तो सहा महिने तिचाच. ती संस्था आली नाही तरी तिचाच, आणि मुदत संपली की आरक्षण आपोआप पुढे वाढायचं. वार्षिक अहवालात आरक्षण म्हणजेच वापर असं धरलेलं असल्यानं सुविधा पूर्ण क्षमतेनं चालली आहे असं दरवर्षी छापून यायचं. रिकाम्या खोल्या थंड ठेवण्यासाठी डिझेल जळत होतं आणि बाहेर काम असलेले लोक परत पाठवले जात होते. हीनानं यावर टिपणं लिहून पाठवली होती. त्या टिपणांवर 'पाहिले' असा शेरा यायचा.

डबे आपल्या खोलीत सावलीला ठेवून ती प्रशासन अधिकारी उद्धव डिडोळकर यांच्याकडे गेली. डिडोळकर मलकापूरचे. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाय टाकायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे.

"बसत नाही मॅडम," ते म्हणाले.

"कक्ष रिकामे आहेत साहेब."

"रिकामे असतीन, पण दुसऱ्याचे हायेत ना! उद्या बंगळूरवाले आले आन् त्याइच्या खोलीत हिचे किडे उडून राह्यले, तर जबाब कोन देईन? मीच ना?"

"ते आलेच नाहीत. उन्हाळ्यातही नाही, पावसाळ्यातही नाही."

"नाई आले, पण येऊ तर शकतात. तुमी काऊन मले अडचनीत टाकता बाप्पा? बाईंले विचारा."

बाई म्हणजे संचालक, डॉ. चारुलता बोधनकर. पण बाई त्या दिवशी भेटणार नव्हत्या, कारण सभागृहात धोरण कार्यशाळा चालू होती. पुढच्या आठवड्यात दिल्लीची आढावा समिती यायची होती आणि तिच्यापुढे दहा वर्षांचा आराखडा मांडायचा होता. त्यासाठी गुरुग्रामहून एक सल्लागार बोलावला होता. हीना आत शिरताच त्यानं तिच्याही हातात एक पिवळं कार्ड दिलं.

"दहा वर्षांनी आपला वापरकर्ता कुठे असेल? एका शब्दात लिहा," तो हसून म्हणाला.

हीनानं लिहिलं, 'फाटकावर'.

सल्लागारानं ते कार्ड वाचलं, फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात चिकटवलं आणि पुढच्या माणसाकडे वळला. बोधनकर बाईंनी मात्र ते पाहिलं. चहाच्या सुट्टीत त्यांनी हीनाला बाजूला घेतलं.

"हा काय पोरखेळ?"

हीनानं आरोहीची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुला वाटतं मी नियमांच्या प्रेमात आहे," त्या म्हणाल्या. "तू यायच्या आधी एकदा असंच एकाला दयेपोटी आत घेतलं होतं. त्याच्या शेतातल्या पतंगांबरोबर विषाणू आला. आमच्याकडे कितीतरी पिढ्या सांभाळलेली निरोगी पतंगांची पैदास होती. ती सगळी मेली. मी माझ्या हातानं ती भट्टीत टाकली. तेव्हापासून शेतातला किडा मुख्य इमारतीत नाही."

 हे हीनाला कुणीच सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. ती म्हणाली, "पण मॅडम, त्यासाठीच तर मागे विलगीकरण खोली बांधलीय ना?"

"तिच्यात उद्घाटनाचे फलक आहेत."

"मग ते काढू."

"आढावा होऊ दे," बाई म्हणाल्या आणि कार्डांकडे परत गेल्या.

आरोही डबे घेऊन परत गेली. ती जाताना रडली असती तर हीनाला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "बरं मॅडम," आणि मेहकरच्या गाडीची वेळ पहारेकऱ्याला विचारली.

आठवडा होत आला तेव्हा तिचा फोन आला. अळ्यांचे कोष झाले होते आणि वरवटच्या डब्यातले पतंग कोषांतून बाहेरही पडले होते. कॉलेजच्या उकाड्यात ते डब्याच्या तळाशी पडून राहत होते. अंड्यांचा पत्ता नव्हता.

फोन ठेवल्यावर हीनाला एकदम संताप आला. नेमका कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं बंगळूरच्या त्या संस्थेचा नंबर काढला आणि ज्यांच्या नावावर कक्ष होता त्या शास्त्रज्ञांनाच सरळ फोन लावला. तुम्ही येणार आहात का, एवढंच तिनं विचारलं.

"कक्ष?" पलीकडचे गृहस्थ गोंधळले. "अहो, आमचा प्रकल्प मार्चमध्येच बंद झाला. तो अजून आमच्या नावावर आहे? देऊन टाका ना कुणाला तरी."

"तुम्ही कळवलं नाहीत."

"मला कुणी विचारलंच नाही."

हीनानं कपाळावर हात मारून घेतला. सात महिने डिडोळकर ज्यांची वाट बघत होते, त्यांना आपली कुणी वाट बघतंय हेच माहीत नव्हतं.

ती उठली आणि शीतयंत्रं सांभाळणाऱ्या अकरमला घेऊन मागच्या खोलीकडे गेली. कुलूप उघडलं तर आत उद्घाटनाचे फलक, मोडक्या खुर्च्या, प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी आणि 'शास्त्रज्ञांचे हार्दिक स्वागत' असं लिहिलेलं भलंमोठं कापड. दोघांनी ते सगळं ओढून व्हरांड्यात आणलं. अकरमनं शीतयंत्र चालू करून पाहिलं. ते खोकलं, थरथरलं आणि चाललं.

नेमक्या त्याच वेळी बोधनकर बाई तिथून निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी समिती येणार आणि व्हरांडा कमानींनी भरलेला.

"हे काय चाललंय हीना?"

"खोली रिकामी करतेय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाही विचारलं तरी आढावा होऊ दे म्हणतात, म्हणून नाही विचारलं." हीनाचा आवाज चढला आणि मग तो तिला खाली आणता आला नाही. "मॅडम, देशातल्या प्रत्येक शास्त्रज्ञासाठी असं आपण फाटकावर लिहिलंय. जिच्या जिल्ह्यात आपण बसलोय, तिला मी परत पाठवली. बंगळूरवाल्यांना तर कक्ष नकोच आहे, मी आत्ता विचारलं. एक फोन! सात महिन्यांत एक फोन कुणी केला नाही. आणि आपण आत पिवळी कार्डं चिकटवतोय!"

अकरम कमान उचलायचं निमित्त करून लांब गेला.

बाई रागावल्या होत्या हे उघड दिसत होतं.  पण त्या सरळ खोलीत शिरल्या. संचालक व्हायच्या आधी त्यांचं सगळं आयुष्य पतंगांत गेलं होतं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, झरोक्याची जाळी बघितली, दार लावून त्याच्या फटीला डोळा लावला.

"या दाराची रबरी पट्टी गेलीय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "इथून पतंग सरळ मुख्य इमारतीत जातील. आधी ती बदला, मग मुलीला बोलवा."

"लेखी द्याल?"

"लेखी मागू नकोस. मी सांगतेय ना."

"तुमच्या सांगण्यावर ती येईल," हीना म्हणाली, "आणि तुम्ही दिल्लीला गेलात की डिडोळकर साहेब खोलीला कुलूप घालतील. त्यांचं चुकतंय असंही नाही. मला मेहरबानी नको मॅडम, नियम हवाय. पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी येईल, तिच्यासाठी मी पुन्हा कमानी ओढायच्या का?"

बाई तशाच निघून गेल्या. आपली नोकरी बहुतेक गेली, असं हीनाला त्या संध्याकाळी वाटलं.

समिती आली. हार झाले, नाश्ता झाला, सल्लागारानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. समितीचे अध्यक्ष वयस्कर होते आणि अर्धवट डोळे मिटून ऐकत होते. वापराचा आकडा पडद्यावर आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"एवढा वापर? मग मघाशी खोल्या रिकाम्या कशा दिसल्या?"

सल्लागार बाईंकडे बघू लागला. हीनाही बघू लागली. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"हा आकडा आरक्षणाचा आहे," त्या म्हणाल्या. "वापराचा नाही."

"वापराचा किती?"

"आम्ही कधी मोजला नाही."

सभागृहात कुणीतरी खाकरलं. डिडोळकरांनी मान खाली घातली. बाईंनी हीनाला उभं केलं. बोलायची तिची काहीच तयारी नव्हती, त्यामुळे तिनं फक्त मागणी सांगितली. न वापरलेलं आरक्षण आपोआप रद्द व्हावं. हंगामातल्या तातडीच्या कामासाठी एक खोली कायम मोकळी राहावी आणि तिचा निर्णय इथेच व्हावा, दिल्लीत नाही. शेतातले किडे फक्त मागच्या खोलीत, आणि का, ते कारणासकट लिहून ठेवावं.

अध्यक्षांनी मागच्या खोलीला तिथल्या तिथे मंजुरी दिली. बाकीच्या मुद्द्यांसाठी त्यांनी एक उपसमिती नेमली. उपसमिती हा शब्द ऐकून हीनाला हसावं की रडावं कळेना. त्यात तिची सचिव म्हणून नेमणूक झाली, म्हणजे सगळं लिहायचं तिनंच.

आरोहीचे पहिले पतंग तोवर मेले होते. ती पुन्हा सोनाळ्याला गेली, पुन्हा बोंडं फोडली, पुन्हा तेच डबे घेऊन आली. या वेळी पहारेकऱ्यानं फाटक उघडलं. दाराला नवी रबरी पट्टी बसवलेल्या मागच्या खोलीत पतंगांनी अंडी घातली, पिल्लं निघाली आणि विष मिसळलेल्या खाद्यावर त्यांतली बरीचशी नुसती जगलीच नाहीत, तर चांगली पोसली. आरोहीनं हीनाला बोलावून ती दाखवली. दोघी बराच वेळ त्या गुबगुबीत अळ्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. आनंद मानावा अशी ती गोष्ट नव्हती.

"पहिल्या डब्यातच कळलं असतं ना हीनाताई?" आरोही म्हणाली.

"कळलं असतं," हीना म्हणाली.

निकाल लागेपर्यंत संक्रांत होऊन गेली होती आणि बहुतेकांनी कपाशीच्या पऱ्हाटीवर नांगर फिरवला होता. कृषी कार्यालयानं मात्र तो निकाल उचलला. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन शेतात राखलेली कपाशी, ठेवू नका, ती अळीचं घर होते, असं गावोगावच्या सभांत सांगताना साहेब लोक आता आपल्याच जिल्ह्यातल्या अळ्यांचा दाखला देऊ लागले. वरवटच्या सभेला नजीरभाईही गेले होते. घरी येऊन त्यांनी हीनाला फोन केला.

"बेटा, तुमच्या फॅक्टरीचं नाव घेतलं सभेत. पयल्यांदाच आयकलं मी."

उपसमितीचा अहवाल दिल्लीत तीनदा फिरून मे महिन्यात मंजूर झाला. आरक्षण रद्द करण्याची मुदत हीनानं लिहिली होती त्याच्या दुप्पट करून आली आणि भाषा अशी झाली होती की तिलाच दोनदा वाचावी लागली. पण नियम झाला होता. बोधनकर बाईंनी त्याची प्रत स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली. "आता मला बोल लावायला तुला जागा नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

मृगाच्या सुमारास एक दिवस डिडोळकर घामाघूम होऊन हीनाच्या दारात आले. त्यांच्या हातातल्या फोनमधून कुणाचातरी चढलेला आवाज बाहेर ऐकू येत होता.

"मुदत सरली होती एका संस्थेची," त्यांनी फोनवर तळवा दाबत सांगितलं. "मी सोता फोन केला, खोली रद्द झाली म्हणून. नियमानं केला. आता ते मलेच दम देऊन राह्यले, वर तक्रार करतो म्हनतात. तुमी बोला ना मॅडम."

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"सांगितलं, बसत नाही."

हीनानं हात पुढे करून फोन घेतला.