माझ्या पडद्यावरची म्हातारी

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटलं की लोक हळहळतात. पण मित्रांनो, तुम्ही माझ्यासाठी हळहळू नका. माझ्या वाट्याला जितकी चांगली माणसं आली, तितकी एखाद्या चकचकीत लॅपटॉपच्याही वाट्याला येत नसतील.

माझा जन्म बोईसर स्टेशनजवळच्या एका दुकानात झाला. पडदा एकीकडून आणला, कळफलक दुसरीकडून, डबा तिसरीकडून, आणि मागच्या टेबलावर मला जोडलं. तिथून मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. एका कारखान्याच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायची, हे माझं काम. तिथला पहारेकरी रोज सकाळी आपल्या गमछ्याने मला पुसायचा आणि म्हणायचा, "चल बेटा, काम पे लग." त्या एका 'बेटा'वर मी दिवसभर पळायचो.

पुढे फाटकावर नवी यंत्रं आली. मला भंगारात टाकण्याऐवजी कारखान्याने पालघरच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या वाचनालयाला देऊन टाकलं. टेम्पोत गाद्यांच्या मधोमध बसून मी तिथे पोहोचलो. वाचनालय हितेश नावाचा तरुण चालवायचा. मोठा हौशी आणि तितकाच विसराळू.

त्या पाड्यावर नवसी राहायची. ती धवलेरी. वारली लग्नात पुरोहिताच्या जागी धवलेरी असते; ती गाते तेव्हाच लग्न लागतं. बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, हो, वारली माणसं चित्र काढत नाहीत, लिहितात, आणि ते लिहून होईपर्यंत धवलेरी गात राहते. नवसीची गाणी कागदावर कुठेच नव्हती. हितेशने तिला माझ्यासमोर बसवलं आणि माईक लावला. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे वाकून ओरडली, "ऐकतंस ना रं?" मला तोंड नाही, पण माझा हिरवा दिवा लुकलुकला. ते तिला पुरलं. मग ती रोज यायची, गायची आणि जाताना माझ्या डब्यावर थाप मारायची.

आता माझं दुखणं सांगतो. संगणक सुरू करणारी जी प्रणाली असते, ती माझ्यात फार जुनी झाली होती. हितेशने दुसरी नवी बसवली, पण जुनीही राहू दिली. मी सुरू झालो की आधी विचारायचो, दोघींपैकी कोणती चालवू? हितेशने गमतीने त्यांना नावं दिली. वरची जुनी 'म्हातारी', खालची नवी 'तरणी'. थोडा वेळ कुणी काहीच निवडलं नाही, तर मी आपला वरच्या म्हातारीकडे वळायचो. पुढे जागा पुरेना, म्हणून त्याने नवसीची गाणी तरणीकडे हलवली आणि म्हातारीचा कप्पा रिकामा केला. फक्त पडद्यावरचं तिचं नाव काढायला तो विसरला. रोज सवयीने खालच्या बाणाची कळ दाबून तरणी निवडायचा, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. मग त्याला वापीत नोकरी लागली आणि तो गेला.

वाचनालय पाड्यावरच्या पुंजारामकाकांकडे आलं. काका मला सुरू करायचे आणि चहा आणायला जायचे. तोवर मी रिकाम्या म्हातारीच्या दारात जाऊन अडकलेला असायचो. पडदा काळा ठिक्कर. काकांनी हितेशला फोन लावला. तो म्हणाला, "काका, खालचं चालू करा." काका वाकून टेबलाखाली बघत म्हणाले, "अरे, खालचा डबा तर चालूच हाय!" तेवढ्यात रेंज गेली. शेवटी काकांनी ठरवलं, की पुढच्या वेळी भंगारवाला आला की मला देऊन टाकायचं. त्यांच्यावर माझा राग नाही. काळा पडदा कोण किती दिवस बघेल?

त्याच सुमारास नवसीच्या अंगावरून वारं गेलं. एक हात लुळा पडला, बोलणं जड झालं, गाणं तर संपलंच. तिची सून जमना सरावली गावात खोली घेऊन बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. आता पाड्यावरच्या जिवल्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि गायची पाळी जमनावर आली. बाकीची गाणी तिला येत होती, पण चौकाची गाणी मध्येच तुटायची. जिवल्या म्हणाला, "नाय जमलं तर दुसऱ्या गावची धवलेरी बोलवू." दर शुक्रवारी, कंपनीच्या सुट्टीला, जमना माझ्यापुढे येऊन बसू लागली.

पडद्यावर 'म्हातारी' दिसली की तिचे डोळे चमकायचे. नवसीला अख्खा पाडा म्हातारीच म्हणायचा ना! जमनाला वाटलं, सासूची गाणी इथेच आहेत. ती मुद्दाम म्हातारीच निवडायची. तरणीशी तिला काय देणंघेणं? पडदा काळा व्हायचा, ती पुन्हा निवडायची. मित्रांनो, गाणी माझ्या पोटात होती आणि मला सांगता येत नव्हतं. तेव्हा मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

जमनाने कंपनीत हे स्नेहाला सांगितलं. स्नेहा बोईसरजवळच्या नवापूरची, कंपनीतल्या संगणकांची देखभाल करणारी. पुढच्या शुक्रवारी ती जमनाबरोबर पाड्यावर आली. तिने खालच्या बाणाची कळ दाबून तरणी निवडली, आणि किती दिवसांनी मी नीट जागा झालो! मग तिने एक खिडकी उघडली. तिथेही दोन्ही नावं होती. तिने आधी तरणीला पहिला मान दिला आणि म्हातारीवर बोट ठेवलं.

"हिचा कप्पा रिकामा आहे गं. नाव काढून टाकते, म्हणजे हा उगाच अडकणार नाही."

जमनाने तिचा हातच धरला. "मॅडम, म्हातारीला नका काढू! तिचा आवाज हाय त्यात."

स्नेहा थांबली. तिने आधी गाणी शोधली. ती तरणीकडे सुखरूप होती. तिने एक लावलं आणि नवसीचा जुना, खणखणीत आवाज वाचनालयभर घुमला. शेजारच्या घरातून काठी टेकत नवसी स्वतः आली आणि उंबऱ्यावर बसली. तरी नाव काढू द्यायला जमनाचा जीव होईना. "आवाज हिकडं हाय, पण नाव तिकडं. नाव काढलं नि आवाज गेला तर?"

नवसी अर्ध्या ओठांनी हसली. जड जिभेने म्हणाली, "मी... हिथं हाय. ते... काढ."

स्नेहाने नाव काढलं आणि मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी काहीही न विचारता सरळ उघडलो. अंगातून काटा निघाल्यावर कसं वाटतं, तसं वाटलं. स्नेहाने सगळी गाणी जमनाच्या फोनवरही घालून दिली. पुंजारामकाका म्हणाले, "म्हणजे हा बरा होता, आमीच त्याला मेलेला समजलो!"

म्हणून मित्रांनो, एक विनंती. एखादं यंत्र अडून बसलं तर लगेच टाकून देऊ नका. कुणाला तरी विचारा, कुणाला तरी दाखवा. कधी कधी फक्त एक चुकीचं नाव वाटेत उभं असतं.

त्या दुपारी मी चौकाचं गाणं लावून होतो. जमना मागून गुणगुणत होती. आधी अडखळत, मग माझ्याबरोबर, मग माझ्या किंचित पुढे. नवसीने चांगला हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला... बंद कर." स्नेहाने गाणं थांबवलं.

मी गप्प झालो. जमना डोळे मिटून गातच राहिली. माझा आवाज थांबल्याचं तिला कळलंही नाही.