पडायला शिकवणारे सर

नर्सने डोकं धरलं, झुलाल पैलवानाने दोन्ही हात पोराच्या अंगाखाली घातले आणि तिच्या खुणेसरशी त्याला कुशीवर वळवलं. दहावीतला अभिमन ओंडक्यासारखा वळला. मान मोडली होती. तिच्या खालचं काहीच त्याला कळत नव्हतं. पाठ फार वेळ टेकलेली ठेवू नका, जखमा होतात, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

दोंडाईच्याच्या पंचक्रोशीत झुलालची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. पोरालाही त्याने तेच बाळकडू पाजलं होतं. हाड मोडलं तरी चालेल, पाठ लागता कामा नये. आणि शाळेत उगवले हे गिरधर सर, म्हणे ज्युडो शिकवणार! जिनिंग मिलमधल्या रद्दी कापसाच्या गाद्या त्यांनी शिवून घेतल्या आणि महिनोन् महिने पोरांना शिकवलं काय, तर पडायला. पाठीवर पडायचं आणि हाताने गादीवर थाप द्यायची. पारावर बसून झुलाल हसून हसून बेजार झाला होता.

"पडाले बी मास्तर लागस का रे?"

आता दवाखान्याच्या आवारात झुलालचा जोडीदार उखर्डू आणि आखाड्यातली बाकीची माणसं जमली होती. विचारपूस करायला आलेल्या सरांना त्यांनी लिंबाखाली बसवून ठेवलं होतं. झुलालने हूं म्हणायची खोटी, की ते सरांची हाडं खिळखिळी करणार होते. झुलाललाही तेच हवं होतं. तळतळाट कुणाच्या तरी डोक्यावर ओतल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता.

त्या दिवशी खेळाच्या तासाला तो स्वतः शाळेत गेला होता. पोराची पहिली लढत म्हणून फेटा बांधून, अगदी गादीला गुडघा लावून बसला होता. समोरच्या पोराने अभिमनला खांद्यावरून उचललं. सर ओरडत होते, "पड अभिमन, पाठीवर पड!" अभिमनने हवेतच अंग पिळलं, पाठ वाचवली आणि डोकं खाली दिलं. झुलालच्या तोंडून शाब्बास निघूनही गेलं होतं. मग पोरगं उठलंच नाही.

नर्स गेली. झुलाल उशाशी वाकला. बाहेर जायच्या आधी त्याला पोराच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नीट शिकाडं नही ना रे तुले त्या मास्तरनी?"

"शिकाडं ना." अभिमन भिंतीकडे बघत होता. "माले पडता येस, आबा. सर म्हनेत, बठ्ठा पोरस्मा तूच चांगला पडस."

"मंग त्या दिन का नही पडना?"



"त्या दिन तुम्ही समोर बठेल व्हतात ना."

झुलालने पोराच्या अंगावरची चादर नीट केली. ती नीटच होती. मग तो बाहेर आला.

त्याला बघून माणसं उठली. उखर्डूने हातातली काठी सरसावली. गिरधर सरही उभे राहिले; त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"झुलालभाऊ, मी..."

"सरस्ले घर जाऊ द्या," झुलाल म्हणाला.

"आन् पोरगं?" उखर्डू म्हणाला. "त्यानं काय?"

 झुलालने डोक्यावरचा फेटा उतरवून बाजूला ठेवला आणि लिंबाखाली बसला. मग सगळ्यांदेखत हळूहळू मागे झुकत गेला, दोन्ही खांदे मातीला टेकेपर्यंत. उखर्डू त्याला उचलायला धावला, तर त्याने हात हलवून त्याला लांबच ठेवलं.