शोकेसमधली रिकामी चौकट

कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकला तेव्हापासून या जमातीला स्वतःचं तोंड बघायची सोय राहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा नवरा फोटोग्राफर आहे आणि मला त्याच्या धंद्याची शिसारी आली आहे. फोटो काढण्याची नव्हे. फोटो तो काढतो कुठे? तो आणि त्याचा मित्र स्टुडिओत बसून पुढचा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, कधी येणार, त्यात काय असणार आणि कोणाचा माउंट टिकणार याचा कीस पाडतात. माउंट म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड, जिथे लेन्स अडकते. नवरा रुंद तोंडाच्या कंपनीचा, मित्र अरुंद तोंडाच्या. एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नाही. चहा मात्र दोघांना माझ्याच हातचा लागतो.

आमच्या स्टुडिओच्या शोकेसमध्ये फोटोंची एक रांग आहे, सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेली. घरातल्या मुलाचे पुढचे दोन दात पडले की त्या बोळक्या तोंडाचा हसरा फोटो काढायचा आणि रस्त्यावरून दिसेल असा लावायचा. नवऱ्याचा आहे, नणंदेचा आहे, आणि शेजारी आमच्या लेकीसाठी, छबीसाठी, रिकामी चौकट. तिचे दात पडले तेव्हा ती शाळेतून थेट स्टुडिओत धावत आली आणि स्टुलावर चढून बसली.

"आत्ता नाही गं," नवरा म्हणाला. "कॅमेऱ्याची नवीन बॉडी येऊ दे."

जुनी त्याने आधीच विकून टाकली होती. नवी आली की जुनीला कुत्रं विचारणार नाही, म्हणून. गिऱ्हाइकांची कामं मित्राच्या कॅमेऱ्यावर चालली होती.

"मग याच कॅमेऱ्याने काढ की," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकांना चालतो. अण्णांच्या रांगेत मी त्या मरायला टेकलेल्या माउंटचा फोटो लावू?"

"कोण मरायला टेकलंय ते कळेलच," मित्र म्हणाला, आणि दोघांची पुन्हा जुंपली. छबी आपली आपण स्टुलावरून उतरली.

बाहेर आल्यावर मी फोन काढला. तिने ओठ घट्ट मिटले.

"नको. बाबा काढणार आहेत."

कंपनीने नव्या कॅमेऱ्याची तारीख पुढे ढकलली. नवरा म्हणाला, सेन्सर बदलत असणार. मित्र म्हणाला, माउंटच बदलतील बघ. त्यांचं हे दळण चालू असताना छबीच्या हिरडीतून पांढरी कड डोकावली. एकदा ती बाथरूममध्ये आरशासमोर त्या कडेवर बोट दाबत उभी असलेली सापडली.

"आई, थोडे दिवस आत ठेवता येतो का गं?"

मी तिचं बोट हिरडीवरून काढलं.

कॅमेरा आला तोवर दोन्ही दात पुरते आले होते, चांगले फावड्याएवढे. माउंट जुनाच निघाला. एवढी सगळी बडबड फुकट गेली. नवऱ्याने हात धुऊन खोकं उघडलं आणि छबीला स्टुलावर बसवलं. मित्र त्याच्या खांद्यावरून डोकावत होता.

"फोकस बघ, डोळा कसा पकडतो. पापणी न् पापणी," नवरा म्हणाला. "हस आता, छबी."

ती हसली. नवऱ्याचं तोंड उतरलं. इतके महिने तिच्यासोबत जेवत होता हा माणूस, आणि दात त्याला आज दिसले.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कॉम्प्युटरवर पुसशील ना हे दोन? गिऱ्हाइकांच्या पुटकुळ्या पुसतेस तसे."

मला किळस आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात छबीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. मी काय काय पुसू शकते, हे तिने माझ्या मांडीवर बसून पाहिलेलं आहे.

"पुसायचे नाहीत," ती हातांआडून म्हणाली. "माझे आहेत ते."

नवऱ्याचं बोट बटणावरच होतं. तो एक फोटो निघाला.

तोच मी छापला आणि त्याला न विचारता चौकटीत लावला. येणारे-जाणारे थांबून बघतात. बाप बोळक्या तोंडाने हसतोय, आत्या हसतेय, आणि शेवटी एक मुलगी तोंड झाकून बसली आहे. परवा मित्र म्हणाला, फोकस अप्रतिम आहे. खरंच आहे. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसतं.